छातीवर लोखंड, घशात खवखव!

सोन्याचं पदक मिळालं की आपण पेढे वाटतो. चांदीचं मिळालं की 'थोडक्यात हुकलं हो' म्हणून हळहळतो. पण ज्या पदकासाठी लाखो सैनिक जिवावर उदार झाले ते चक्क लोखंडाचं होतं, असं सांगितलं तर? आणि लोखंड तरी कुठलं? बीड! आजीच्या घावनांच्या तव्याच्या नात्यातलं!

तर मंडळी, भिंग काढा, फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात टाका आणि चला. आजची सैर जुन्या जर्मन लष्करी पदकांच्या दुनियेत. इथे राजे आहेत, राण्या आहेत, तळलेली अंडी आहेत, गोठलेलं मटण आहे. आणि डुप्लिकेट माल? तो तर विचारूच नका!

माहीत आहे का, सुप्रसिद्ध आयर्न क्रॉस म्हणजे एक बर्थडे गिफ्ट आहे? जुन्या जर्मन मुलखातल्या प्रशिया राज्याचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने १८१३ साली हे पदक सुरू केलं, ते ब्रेस्लाउ शहरात. आज ते पोलंडमधलं व्रोत्सवाफ. स्थापनेची तारीख मुद्दाम घातली १० मार्च, कारण तो राणी लुईझेचा जन्मदिवस. राणी १८१० मध्येच गेली होती, वय अवघं ३४. कोणी ताजमहाल बांधतो, कोणी क्रॉस ओततो. आपापलं बजेट!

बजेटचा विनोद नाही बरं का. नेपोलियनने प्रशियाचा खजिना पार खरवडून नेला होता. त्यामुळे त्याच्याविरुद्धच्या युद्धासाठी बायकांनी सोन्याचे दागिने उतरवून दिले आणि बदल्यात लोखंडी अंगठ्या घेतल्या. त्यांवर मजकूर असायचा तो 'सोनं दिलं, लोखंड घेतलं' अशा अर्थाचा. मग काय, बर्लिनमध्ये सोनं घालून मिरवणं म्हणजे लाज आणि लोखंड घालणं म्हणजे फॅशन. सराफांचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक.

क्रॉसचं कच्चं रेखाटन खुद्द राजाचं, फिनिशिंग मात्र कार्ल फ्रीडरिश शिंकेल या आर्किटेक्टचं. याच शिंकेलने पुढे बर्लिनच्या एका टेकडीवर विजयस्मारक उभारलं. १८२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या टोकावर आयर्न क्रॉस आहे, म्हणून टेकडीचं नाव पडलं क्रॉइत्सबर्ग, म्हणजे क्रॉसची टेकडी. आणि टेकडीवरून सगळ्या भागाचं. आज तिथे डोनर कबाबच्या रांगेत उभ्या असलेल्यांना आपण एका पदकाच्या पत्त्यावर जेवतोय याची कल्पना नसते.

ब्रांडेनबुर्ग गेटवरचा चार घोड्यांचा रथ आठवतो? नेपोलियनने तो पॅरिसला पळवला होता. १८१४ मध्ये तो परत आला, तेव्हा रथातल्या देवीच्या काठीला शिंकेलने आयर्न क्रॉस बसवला. देवीलासुद्धा मेडल!

एक आणि एक

संग्राहकांमध्ये या पदकाचं शॉर्टफॉर्म रोमन 'ई' आणि 'के'. मराठी डोळ्यांनी वाचलं की थेट 'एक'! म्हणजे पहिल्या वर्गाचा क्रॉस 'एक एक' आणि दुसऱ्या वर्गाचा 'एक दोन'. गंमत अशी, की आधी 'एक दोन' मिळवायचा आणि मगच 'एक एक'. पहिल्या वर्गाला रिबनच नाही, तो पिनेने थेट छातीवर. दुसऱ्या वर्गाला रिबन आहे, पण एरवी क्रॉस डबीत आणि कोटाच्या काजात नुसती रिबन खोचलेली.

रिबनसुद्धा बोलते बरं का! काळी पट्टी, पांढऱ्या कडा: हा गडी रणांगणावर लढला. पांढरी पट्टी, काळ्या कडा: याने पिछाडीला राहून कामगिरी बजावली. रंग तेच, जागा उलट. परीटघडीच्या युनिफॉर्ममधल्या कितीजणांना ही अदलाबदल झोंबली असेल!

१८१३ च्या युद्धात दुसऱ्या वर्गाचा क्रॉस मिळवणाऱ्यांमध्ये एक सैनिक होता ऑगस्ट ल्यूबेक. डेनेविट्सच्या लढाईत जखमी झाला, बढती मिळाली, क्रॉस मिळाला. फक्त एकच तपशील राहिला: तो 'तो' नव्हताच! फ्रीडरिके क्र्यूगर नावाची तरुणी होती, केस कापून पुरुषाच्या वेषात भरती झालेली. बिंग फुटलं, तरी तिला पलटणीतून काढलं नाही. शाब्बास पोरी!

आता हातात घ्या

पदक ओळखायचं तर आधी ते उलटं करून बघायचं. समोरची बाजू मिरवते आणि मागची बाजू साक्ष देते.

समजा, तुमच्या तळहातावर दुसऱ्या वर्गाचा एक आयर्न क्रॉस आहे. काळा, कडेला चांदीची चौकट, वर एक रिंग. तुम्ही तो पालथा करता आणि छातीत धस्स होतं. खालच्या बाहूवर आकडा: १८१३! वर राजाची आद्याक्षरं, मध्ये ओकची पानं. बापरे, नेपोलियनच्या काळातला नग? लॉटरी लागली?

बसा खाली. पाणी प्या.

हा क्रॉस चारदा जन्मला: १८१३, १८७०, १९१४ आणि १९३९. प्रत्येक नव्या जन्मात पुढच्या बाजूवर नवं साल आलं, पण दुसऱ्या वर्गाच्या पाठीवर '१८१३' कायम राहिलं, पूर्वजांचा मान म्हणून. त्यामुळे वय बघायचं ते पुढच्या बाजूवर. तिथे मुकुट, 'डब्ल्यू' आणि १९१४ दिसलं की समजा पहिल्या महायुद्धातला. आणि पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे किती क्रॉस वाटले, माहीत आहे का? सुमारे ५० लाख! पहिल्या वर्गाचे त्या मानाने मोजके, सव्वादोन लाखांच्या आत. लॉटरी नाही, पण बोहनी चांगली झाली म्हणायची.

मग खऱ्या १८१३ च्या क्रॉसची पुढची बाजू कशी? सपाट, कोरी, एक अक्षर नाही! ओकची पानं, मुकुट, आद्याक्षरं हा सगळा थाट मागच्या बाजूला. लोक साहजिकच नटलेली बाजू पुढे करून मिरवायचे. शेवटी १८३८ मध्ये राजानेच हुकूम काढला की नटलेली बाजूच पुढे असू द्या. जनतेपुढे राजाचं चालत नाही, याचा हा लोखंडी पुरावा.

आता खिशातलं मॅग्नेट काढा. आयर्न क्रॉस हे बहुतेक वेळा थ्री-पीस सँडविच असतं: मध्ये लोखंडाचा गाभा, दोन्ही बाजूंनी चांदीच्या दोन चौकटी, कडेला डाक देऊन जोडलेल्या. मॅग्नेट गाभ्याला चिकटायला हवं. भिंगातून कड बघितली की त्या दोन चौकटींचा बारीक जोड दिसतो. अख्खा क्रॉस एकाच तुकड्यात ओतलेला, जोडाचा पत्ता नाही, वर चंदेरी रंग फासलेला? नमस्कार करून परत द्या. आणि मॅग्नेट चिकटलं म्हणून लगेच पाकीट काढू नका. नकलाकारांच्या घरीही लोखंड असतंच की!

रिंगेवर बारीक खुणा असतात. '८००' म्हणजे हजारात ८०० भाग चांदी. 'एफ आर' म्हणजे बर्लिनचा फ्रीडलेंडर, 'एस-डब्ल्यू' म्हणजे बर्लिनचेच झ्यू आणि वाग्नर. दुसऱ्या महायुद्धात तर कारखानदारांना नंबर पडले, तेही डबल! सरकारने वाटायच्या पदकांवर नुसता आकडा, दुकानात विकायच्या मालावर 'एल' आणि मग आकडा. म्हणजे बर्लिनचा युंकर एकीकडे '२' आणि दुसरीकडे 'एल १२'. ल्यूडेनशाइडचे श्टाइनहाउअर आणि ल्यूक एकीकडे '४' आणि दुसरीकडे 'एल १६'. एकाच माणसाची दोन रेशनकार्डं!

आणि हो, पदक दुकानात विकत मिळायचं? मिळायचं! हक्क असलेला माणूस पदराला खार लावून दुसरी प्रत घ्यायचा. मिरवायला एक, कपाटात एक. पिनेऐवजी स्क्रूने बसणारे, थोडे फुगीर असलेले खासगी क्रॉस बरेचसे असेच आले.

कधी कधी दोषच दाखला ठरतो. श्टाइनहाउअर आणि ल्यूकच्या नाइट्स क्रॉसच्या (आयर्न क्रॉसच्या वरच्या वर्गाच्या) साच्याला वापरता वापरता तडे गेले. ते तडे चौकटीच्या कडेवर बारीक उंचवट्यांसारखे उमटले आणि वाढत गेले. म्हणून संग्राहक भिंग लावून त्यांच्यावरून नगाचं वय काढतात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजाव्यात तसं!

आणि 'शिंकेल' हा शब्द कानावर पडला तर दचकू नका. १९३९ चे काही सुरुवातीचे क्रॉस जुन्या, १९१४ च्या मापाच्या चौकटींत बसवले गेले. थोडे लहान, थोडे नाजूक. त्यांना संग्राहक 'शिंकेल' म्हणतात. जुन्या भांड्याला नवी कल्हई, पण भाव चढा.

रिबन अस्सल की नक्कल? अंधार करा, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. आजचा सिंथेटिक धागा डिस्कोसारखा लखलखतो, जुनं सूत आणि रेशीम गप्प बसतं. मात्र थांबा! घरच्या कोणी प्रेमाने ती जुनी रिबन वॉशिंग पावडरमध्ये धुतली असेल, तर तीही चमकते. पावडरमधल्या 'सफेदी'चा प्रताप. म्हणून सांगतो, जुनं पदक कुणालाच धुऊ-पुसू देऊ नका. ब्रासो तर लांबूनच ठेवा. काळपटपणा हा पदकाचा जन्मदाखला आहे.

१८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाचं ब्राँझचं पदक हाती आलं तर सरळ कड फिरवून बघा. लढणाऱ्यांना दिलेल्या पदकाच्या कडेवर जर्मन अक्षरं आहेत, अर्थ 'जिंकलेल्या तोफांमधून'. कारण खरोखरच फ्रेंचांच्या तोफा वितळवून ती पाडली होती. शत्रूची तोफ, आपली छाती!

घसा दुखतोय साहेबांचा

माहीत आहे का, जर्मन सैन्यात एक आजार फक्त अधिकाऱ्यांना व्हायचा? घसेदुखी! १९३९ मध्ये आलेला नाइट्स क्रॉस गळ्यात घालायचा असे. मग एखादा साहेब त्या पदकापायी हपापून माणसं नको तिथे आगीत ढकलायला लागला, की जवान आपसात कुजबुजायचे, 'साहेबांचा घसा दुखतोय.' औषध एकच, गळ्यात क्रॉस. किंमत मात्र दुसऱ्यांच्या गळ्याची.

सैनिकांची जीभ भारीच तिखट. १९४१ च्या 'जर्मन क्रॉस'ला, त्या भल्याथोरल्या चकचकीत ताऱ्याला, त्यांनी नाव ठेवलं 'तळलेलं अंडं'. हाफ फ्राय, डबल नाही! १९४१-४२ च्या रशियातल्या जीवघेण्या हिवाळ्यासाठी निघालेल्या पदकाचं बारसं झालं 'गोठलेल्या मांसाचा मान'. आणि ते खोटं नव्हतं. हिमदंशाने जायबंदी झालेला माणूसही या पदकाला पात्र होता. असली तीसेक लाख पदकं वाटली गेली. इतक्या थंडीत विनोद सुचणं हीच खरी मर्दुमकी.

जखमांचाही हिशेब ठेवला जाई. १९१८ च्या जखमी-बिल्ल्यावर शिरस्त्राण आहे. एक-दोन जखमा: काळा. तीन-चार: चंदेरी. पाच किंवा अधिक: सोनेरी. लॉयल्टी कार्डच की हो. पण पॉइंट जमवायची हौस कोणाला नव्हती.

निळा मॅक्स, फ्रेंच नाव

जर्मनांचं सर्वांत रुबाबदार पदक फ्रेंच बोलतं! 'पूर ल मेरीत', म्हणजे 'गुणांसाठी'. फ्रेडरिक द ग्रेटने १७४० मध्ये ते सुरू केलं, तेव्हा प्रशियाच्या दरबारात फ्रेंचच चालायची. पुढे फ्रान्सशीच लढताना फ्रेंच नावाचं पदक गळ्यात! इंग्रजी माध्यमात शिकून इंग्रजांविरुद्ध भाषण करण्यासारखंच.

निळ्या मीनाकारीच्या या क्रॉसला 'ब्लू मॅक्स' म्हणतात ते वैमानिक मॅक्स इमेलमानमुळे. १२ जानेवारी १९१६ रोजी तो आणि ओसवाल्ड ब्योल्के, दोघांना एकाच दिवशी हे पदक मिळालं. प्रत्येकाच्या खात्यावर आठ-आठ विमानं. वैमानिकांमध्ये हे दोघे पहिले. ओळखायची एक युक्ती: १९१६ च्या शेवटापर्यंत हा क्रॉस सोन्यात घडायचा, नंतर चांदीवर सोन्याचा मुलामा. युद्ध लांबलं आणि सोनं आटलं.

९ नोव्हेंबर १९१८ ला कैसरची गादी गेली आणि लष्करी 'ब्लू मॅक्स'ही संपला. पण शेवटचा मानकरी कधी गेला, माहीत आहे का? १९९८ मध्ये! लेखक अर्न्स्ट युंगर, वय १०२. सम्राटाने दिलेलं पदक आणि इंटरनेटचा जमाना, एकाच आयुष्यात.

पदकाने आडनाव बदलतं? बव्हेरियात बदलायचं. तिथल्या सामान्य घरातल्या माणसाला 'माक्स योसेफ' हा लष्करी मान मिळाला, की नावात 'रिटर फॉन' बसलं. आपल्याकडे 'सरदार' किताब मिळावा तसं. रोबर्ट ग्राइम हा वैमानिक असाच 'रिटर फॉन ग्राइम' झाला.

याच्या नेमकं उलट हॅम्बुर्ग! त्या व्यापारी शहराची जुनी रीत, की पदकं-बिदकं स्वीकारायची नाहीत. तरीही १९१५ मध्ये हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेक या तिन्ही शहरांनी आपापला लाल हान्झा क्रॉस काढला. मध्ये ज्याच्या-त्याच्या शहराचं चिन्ह. तीन शहरं, तीन डिझाइनं, संग्राहकाच्या खिशाला तीन भोकं.

एम्डेन आणि आझाद हिंद

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन जहाजाने मद्रासवर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटवल्या. तमिळमध्ये 'एम्डन' हा शब्द पुढे बेरकी, जबरदस्त माणसासाठी रूढ झाला. नोव्हेंबरमध्ये 'सिडनी' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने कोकोस बेटांजवळ 'एम्डेन'चा निकाल लावला. वाचलेल्या खलाशांना पुढे आडनावाला 'एम्डेन' जोडायची परवानगी मिळाली. आणि जहाजावर सापडलेले मेक्सिकन चांदीचे डॉलर? त्यांना वर मुकुट आणि रिंग जोडून सिडनी शहरातल्या सराफाने ऑस्ट्रेलियन खलाशांसाठी पदकं बनवली! जर्मन जहाज, मेक्सिकन नाणं, ऑस्ट्रेलियन पदक, आणि हिंदुस्थानी भीती. भेळच!

आता कान टवकारा. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीत असताना, १९४२ मध्ये 'आझाद हिंद'ची पदकं सुरू केली. नावं अस्सल हिंदुस्थानी: 'शेर-ए-हिंद', 'सरदार-ए-जंग', 'वीर-ए-हिंद', 'शहीद-ए-भारत'. घडवली कुठे? व्हिएन्नात, रुडोल्फ सूवाल यांच्या कारखान्यात. आणि यातली काही जर्मन माणसांनाही मिळाली! मात्र संग्राहकांनो, सावधान. हा कारखाना युद्धानंतरही जुन्या पदकांच्या प्रती पाडत राहिला. कारखाना तोच, पण माल नंतरचा. 'व्हिएन्नाचा आहे साहेब' एवढ्यावर भाळलात की गेलात.

नाकारणारे आणि झाकणारे

१९१८ मध्ये एका जर्मन लान्स कॉर्पोरलला पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस मिळाला. शिफारस करणारा अधिकारी ज्यू होता, हुगो गुटमान. त्या कॉर्पोरलचं नाव अडॉल्फ हिटलर. तो क्रॉस त्याने शेवटपर्यंत मिरवला. गुटमानला मात्र देश सोडून पळावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात फिनलंड जर्मनीच्या बाजूने लढत होता. त्याच्या सैन्यातल्या तीन फिनिश ज्यूंना जर्मनांनी आयर्न क्रॉस देऊ केला: डॉक्टर लिओ स्कुर्निक, कॅप्टन सालोमन क्लास आणि नर्स दिना पोल्याकोफ. तिघांनीही नाही म्हटलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा क्रॉस हाच, जो कुणी घेतलाच नाही.

१९३९ च्या क्रॉसवर मधोमध आहे तिरकं नाझी स्वस्तिक. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाशी त्याची गल्लत नको. आज जर्मनीत ते चिन्ह जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे, म्हणून तिथल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ते बहुधा झाकलेलं असतं. मग बिचाऱ्या जुन्या सैनिकांनी काय घालावं? १९५७ च्या कायद्याने तोडगा काढला: पदक तेच, पण चिन्ह काढून. आयर्न क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं आली. संग्राहक यांना '५७ वाले' म्हणतात. ते कायदेशीर आहेत आणि खरेही आहेत, फक्त युद्धातले नाहीत. विकणारा 'युद्धातलाच आहे' म्हणाला तर ओकच्या पानांकडे बोट दाखवा.

आणि आजचं जर्मन सैन्य? आयर्न क्रॉसचा आकार त्यांच्या विमानांवर, रणगाड्यांवर आहे, पण पदक म्हणून तो परत आला नाही. २००८ मध्ये शौर्यासाठी नवा क्रॉस काढला. ६ जुलै २००९ रोजी चान्सेलर अँगेला मर्केल यांनी तो पहिल्यांदा चार सैनिकांना दिला.

जाता जाता, संग्राहकांचं स्वप्न! आयर्न क्रॉसचा सर्वोच्च अवतार म्हणजे सोनेरी किरणांचा तारा. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या विजयासाठी तो प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याला मिळाला. १९१८ मध्ये जर्मन सेनापती हिंडेनबुर्गला. बस्स, दोनच माणसं. दुसऱ्या महायुद्धात तिसरा तारा घडवला गेला, विजयानंतर द्यायला. तो विजय काही आला नाही. १९४५ मध्ये अमेरिकन सैनिकांना तो ऑस्ट्रियात सापडला. सध्या तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी म्युझियममध्ये आहे. कोणाच्याही छातीवर न लागलेला.